इन्स्टॉलेशन डिस्कवरून सुरू होताना संगणक कोसळणे

ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकण्यासाठी सीडी किंवा डीव्हीडीवरून सुरू केलेला संगणक काम पुरे होण्याआधीच गोठणे, आपोआप रिस्टार्ट होणे, बंद पडणे किंवा निळा पडदा दाखवून थांबणे. 'सीडी बूट होत नाही' ही तक्रार यालाही लावली जाते आणि संगणकाला सीडी न सापडण्यालाही. मात्र हे दोन दोष वेगळे आहेत. सीडी सापडतच नसेल, तर बहुधा बायोसमधील बूटचा क्रम चुकलेला असतो. प्रस्तुत नोंद सीडीवरून सुरू होऊन मग कोसळणाऱ्या संगणकाविषयी आहे.

विंडोज बिघडली की 'फॉरमॅट मारणे', म्हणजे हार्ड डिस्क पुसून डिस्कवरून ती नव्याने टाकणे, हा रूढ उपाय. डिस्कवरून बूट होताना हार्ड डिस्कवरची जुनी सिस्टिम चालतच नाही. तिच्यातले व्हायरस, तुटक्या फायली, चुकीचे ड्रायव्हर सगळे बाजूला पडतात. तरीही संगणक कोसळला, तर संशय तीन जागी उरतो : डिस्क, हार्डवेअर आणि या दोहोंचा न जुळणारा मेळ. तिन्हींपैकी नेमके काय, हे संगणक कोणत्या टप्प्यावर थांबला यावरून बरेचसे कळते.

बूट होण्याचे टप्पे : सीडीवरून बूट होण्याची सर्वमान्य पद्धत 'एल टोरिटो' या नावाने ओळखली जाते. फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी ती 1995 मध्ये मांडली. बायोस डिस्कच्या 17 क्रमांकाच्या सेक्टरवरील नोंद वाचतो, तिच्या आधारे छोटा लोडर मेमरीत आणतो आणि ताबा त्याच्याकडे देतो. लोडर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर मेमरीत भरतो. हा गाभा चालू झाला की तो हार्डवेअरशी स्वतः बोलू लागतो. लोडरपर्यंत सारे बायोसच्या भरवशावर चालते; म्हणून फायली सुरळीत भरल्या जातात आणि गाभा चालू होताक्षणी संगणक कोसळतो, असे पुष्कळदा घडते.

विंडोज एक्सपीचे उदाहरण : या दोषाचा सर्वांत परिचित नमुना विंडोज एक्सपीच्या सीडीचा आहे. एक्सपी 2001 मध्ये आली, तेव्हा हार्ड डिस्क रुंद पट्टीच्या आयडीई केबलने जोडत. पुढे साटा डिस्क आल्या आणि त्यांच्यासाठी एएचसीआय ही नियंत्रणपद्धत रूढ झाली. एक्सपीच्या सीडीवर तिचा ड्रायव्हर नव्हता. 2008 च्या सर्व्हिस पॅक 3 मध्येही तो आला नाही. अशा संगणकावर सीडी घातली की निळ्या पडद्यावर फायली भरल्याच्या ओळी एकामागून एक सरकतात, 'सेटअप विंडोज सुरू करत आहे' या अर्थाची ओळ तळाशी येते आणि लगेच 0x0000007B हा स्टॉप क्रमांक दिसतो. सिस्टिमला डिस्कपर्यंत पोहोचता आले नाही, असा त्याचा अर्थ. पाहणाऱ्याला हार्ड डिस्क गेली असे वाटते, पण ती धडधाकट असते.

यावर तीन उपाय होते. पहिला, बायोसमध्ये साटाची पद्धत एएचसीआयवरून आयडीई किंवा कंपॅटिबल करणे. दुसरा, सेटअपच्या आरंभी एफ6 दाबून ड्रायव्हर देणे. पण तो फ्लॉपीवरूनच घेतला जाई आणि तोवर लॅपटॉपमधून फ्लॉपी ड्राइव्ह हद्दपार झाला होता. तिसरा, एनलाइटसारख्या साधनाने ड्रायव्हर घालून नवी सीडी तयार करणे. पहिला उपाय योजून एक्सपी टाकल्यावर, ड्रायव्हर न बसवता बायोसची सेटिंग पूर्ववत केली, तर तोच निळा पडदा परत येई. 0x000000A5 हा क्रमांक आल्यास दोष वीजव्यवस्थापनाच्या एसीपीआय भागात असे. तिथे बायोस अद्ययावत करणे हा उपाय होता.

रॅम की डिस्क : सेटअपमधल्या फायली दाबून बसवलेल्या असतात, त्या मेमरीत उलगडल्या जातात. त्यामुळे रोजच्या वापरात कशीबशी चालणारी सदोष रॅमही इथे उघडी पडते. 'फाईल कॉपी करता येत नाही' असा संदेश आल्यास त्या फाईलचे नाव लिहून ठेवावे आणि सेटअप पुन्हा चालवावा. दर वेळी त्याच फाईलपाशी अडत असेल, तर डिस्कवर ओरखडा आहे किंवा ती नीट बर्न झालेली नाही. दर वेळी वेगळी फाईल अडत असेल, तर रॅमवर संशय घ्यावा. अशा वेळी वीज तोडून रॅमच्या पट्ट्या काढतात, त्यांची सोनेरी टोके खोडरबराने हलके पुसतात आणि एका वेळी एकच पट्टी लावून पाहतात. मेमटेस्ट86 स्वतःच्या डिस्कवरून चालते, त्यामुळे रॅमची तपासणी कोणत्याही सिस्टिमवाचून होते.

घरी बर्न केलेल्या डिस्कच्या बाबतीत आयएसओ फाईलची बेरीज-खूण, म्हणजे चेकसम, मूळ खुणेशी ताडून पाहावी आणि डिस्क कमी वेगाने बर्न करावी.

इतर कारणे : निळा पडदा न येता संगणक एकदम बंद होत असेल, तर प्रोसेसरवरचा पंखा, सैल बसलेला हीटसिंक किंवा थकलेला एसएमपीएस तपासावा. मदरबोर्डवरील फुगलेले कपॅसिटर हीही नेहमीची खूण. हार्ड डिस्कची केबल काढून इन्स्टॉलेशन डिस्कवरून बूट करून पाहणे ही सोपी कसोटी आहे. कारण गाभा चालू झाल्यावर हार्ड डिस्कचे विभाजन वाचू लागतो आणि खराब हार्ड डिस्क तिथेही त्याला पाडू शकते. लिनक्सच्या डिस्कवरून पडदा काळाच राहिला, तर बूटच्या ओळीत नोमोडसेट हा शब्द जोडतात; त्याने ग्राफिक्स ड्रायव्हरने पडद्याचा ताबा घेणे टळते.

तपासाचा क्रम : स्टॉप क्रमांक आणि अडलेली फाईल टिपून घेणे, तीच डिस्क दुसऱ्या संगणकात आणि दुसरी डिस्क याच संगणकात चालवणे, जादा कार्डे व यूएसबी उपकरणे काढणे, ओव्हरक्लॉकिंग केले असल्यास बायोस मूळ सेटिंगवर आणणे, रॅम तपासणे, शेवटी साटाची पद्धत बदलणे. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. हार्ड डिस्कवरील माहिती हवी असल्यास फॉरमॅटच्या पडद्यापर्यंत जाण्यापूर्वी ती दुसरीकडे उतरवून घ्यावी.

सद्यःस्थिती : सीडीची जागा पेन ड्राइव्हने घेतल्यामुळे ओरखड्यांची कारणे सरली, रॅमची व ड्रायव्हरची राहिली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांवर व्हीएमडी ही ड्राइव्ह हाताळणारी सोय चालू असते. तिथे विंडोज 10 चा सेटअप कोसळत नाही. पण ड्राइव्हची यादी रिकामी दाखवून वेगळा ड्रायव्हर मागतो. एक्सपीच्या काळी फ्लॉपीवरून येणारा ड्रायव्हर आता पेन ड्राइव्हवरील फोल्डरमधून द्यावा लागतो.