आहारविकार

आहारविकार हे खाण्याच्या वर्तनाशी आणि स्वतःच्या देहाविषयीच्या कल्पनेशी निगडित मनोविकार होत. ॲनोरेक्सिया नर्व्होसा या विकारात रुग्ण उपासमार होईपर्यंत अन्न टाळतो. हे नाव इंग्रज वैद्य विल्यम गल यांनी १८७३ मध्ये योजिले. बुलिमिया नर्व्होसात अतिभक्षणानंतर मुद्दाम ओकारी काढली जाते.

महाराष्ट्रात वधूसंशोधनाच्या जाहिरातींतील ‘गोरी, सडपातळ’ ही अपेक्षा आणि अलीकडे समाजमाध्यमांवरील छायाचित्रे यांमुळे मुलींवर दबाव येतो; मुलगेही त्यातून सुटत नाहीत.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा विकार ध्यानात येणे कठीण असते. कृश मुलगी दिसली की अपपोषण किंवा रक्तक्षयाची शंका प्रथम येते आणि ती अनाठायी नसते; राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) राज्यातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत. शिवाय चतुर्थी, एकादशी, सोळा सोमवार अशा व्रतांच्या आड अन्न नाकारणे सहज लपते. (साबुदाण्याच्या खिचडीवर होणारा उपवास अर्थातच विकार नव्हे.) उपवास संपल्यावरही जेवण टाळणे, पाळी थांबणे, जेवताच न्हाणीघरात जाणे ही लक्षणे दिसल्यास मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला आवश्यक ठरतो. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.