दोराचा शत्रू

चंद्रपूर-गडचिरोलीला समुद्र नाही. मग समुद्रावरच्या दोरांची कथा येथे कशाला, असे आपणांस वाटेल. पण वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एक होतात, त्यांची प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते, आणि आपले पाणी बंगालच्या उपसागरात जाते. याच वाटेने वऱ्हाड-नागपूरचा कापूस किनाऱ्यावर न्यावा, म्हणून इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नदीत कामे काढली. खडकांनी वाट अडवली, खर्च वाढत गेला, आणि १८७१ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला.

त्या काळचा दोर रानातला नि शेतातला : माहुलवेलीची साल, अंबाडी, ताग. कोकणात नारळाचा काथ्या. या दोराचा शत्रू म्हणजे ओल. ओल्या दोराला सूक्ष्म जंतू आतून कुजवतात. मात्र कुजणारा दोर काळवंडतो, त्याला वास सुटतो. तुटण्याआधी तो सूचना देतो. म्हणून दोर वाळवावा, पीळ उकलून आत पाहावे, हे नावाड्याचे शहाणपण.

पुढे १९३५ मध्ये अमेरिकेत कॅरोदर्स यांनी नायलॉन सिद्ध केले, १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा काढला, आणि १९५४ मध्ये इटलीत नात्ता यांनी पॉलिप्रॉपिलीन घडवले. हे धागे कुजत नाहीत. त्यामुळे दोर अमर झाला असा समज पसरला. वस्तुतः शत्रू तेवढा बदलला.

भिजलेल्या नायलॉनचे बळ सुमारे दहावा हिस्सा उतरते. लाटेच्या प्रत्येक हिसक्यासरशी आतले पेड एकमेकांवर घासतात. त्यांत वाळूचे कण किंवा वाळलेल्या मिठाचे स्फटिक शिरले, की ते कानशीसारखे धागे कापतात. ऊन पॉलिप्रॉपिलीनला ठिसूळ करते. गाठीपाशी दोराचे बळ निम्म्यावर येऊ शकते. आणि गंमत अशी, की बाहेरची बारीक लव पाहून आपण घाबरतो, पण ती आतल्या धाग्यांना आच्छादनच होते. खरी झीज पेडांच्या आत, भुकटीच्या रूपाने लपलेली असते.

समुद्राचा हा धडा वैनगंगेच्या काठीही खरा आहे. ढिवराच्या जाळ्याचा दोर आणि डोंग्याचा दोर याच वाळूत घासतो, विदर्भाच्या याच उन्हात तापतो. त्याचे तुटलेले तंतू कुजून मातीत मिळत नाहीत. पुराबरोबर समुद्राकडे जातात. ज्या दोरावर माणसांचा जीव सोपवायचा, त्याचा पीळ आजही उकलून पाहिला पाहिजे. धागा नवा आला म्हणून जुने शहाणपण टाकून चालणार नाही.