महादेव विश्वनाथ धुरंधर यांची वेशभूषाचित्रे

चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत पुस्तके व चित्रपोस्टकार्डे यांसाठी भारतीय स्त्रीपुरुषांच्या पोशाखांची विपुल चित्रे काढली. ऑटो रॉथफील्ड या सनदी अधिकाऱ्याच्या 'विमेन ऑफ इंडिया' (१९२०) या ग्रंथातील रंगीत चित्रे हा त्यांतील सर्वाधिक परिचित संच होय. त्यापूर्वी १९१२ साली एस. एम. एडवर्ड्स यांच्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकासाठीही त्यांनी चित्रे केली होती.

धुरंधर मूळचे कोल्हापूरचे. १८९० साली ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले व पुढे तेथेच अध्यापक झाले; त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असे आहे.

शैली

पॅरिसमध्ये याच काळात पोशाखचित्रणाची निराळी रीत रूढ होत होती. वेशभूषाकार पॉल प्वारे यांच्यासाठी पॉल इरीब यांनी १९०८ मध्ये केलेल्या संग्रहात ठळक बाह्यरेषा आणि स्टेन्सिलच्या साच्यातून हाताने भरलेले सपाट रंग आढळतात; जपानी ठसाचित्रांचा प्रभाव त्यांत उघड दिसतो. तेथे देह निमित्तमात्र असतो, आकृतीचा घाट महत्त्वाचा. धुरंधरांची वाट याच्या उलट आहे. कलाशाळेत मुरलेले छायाप्रकाशाचे शिक्षण त्यांनी जलरंगांत उतरविले, त्यामुळे वस्त्राखालचा देह, त्याचा तोल आणि चाल आधी जाणवते. नऊवारी लुगड्याचा कासोटा, निऱ्यांचा झोळ, खांद्यावरून आलेल्या पदराचा ताण, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेले कोळिणीचे लुगडे अशा गोष्टींत त्यांचे निरीक्षण विशेष सूक्ष्म आहे. नेसण्याची रीत चित्रावरून उलगडता यावी, इतकी ती स्पष्ट असते. शिवलेल्या झग्याला घाट शिंप्याने दिलेला असतो. न शिवलेल्या लुगड्याला तो नेसणारीच्या हालचालीने येतो, आणि धुरंधरांची शैली या वस्त्राला म्हणूनच अनुरूप ठरते. ते स्वतः पाठारे प्रभू समाजातील असल्याने त्या घरांतील पोशाख व दागिने त्यांना जवळून ठाऊक होते.

पूर्वसूरी म्हणून राजा रविवर्मा यांचा उल्लेख करावा लागतो. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्यांनी भारतीय स्त्रियांची दहा चित्रे मांडली होती. रविवर्म्यांच्या स्त्रिया बहुधा स्थिर बसतात वा उभ्या राहतात. धुरंधरांच्या स्त्रिया कामाला निघालेल्या वाटतात.

मर्यादा

'विमेन ऑफ इंडिया'तील चित्रांखाली व्यक्तीचे नाव नसते, जात, व्यवसाय वा प्रदेश असतो. प्रत्येक समाजाचा एकच ठरलेला पोशाख, ही त्या काळच्या सरकारी जातिवर्णनांतील समजूत या मथळ्यांतही उतरली आहे. वास्तविक त्याच दशकांत शहरांतील सुशिक्षित स्त्रियांत चोळीऐवजी पोलके आणि नऊवारीऐवजी पाचवारी गोल साडी रूढ होऊ लागली होती. हे बदलते रूप अशा नमुनाचित्रांत फारसे उमटत नाही. शिवाय चेहरे व देहयष्टी आदर्शाकडे झुकलेली आहेत. कष्टकरी स्त्रीही टवटवीत दिसते. त्यामुळे या चित्रांवरून नेसणे, काठ आणि अलंकार यांविषयी अनुमान करणे योग्य असले, तरी कोणता पोशाख किती प्रमाणात प्रचलित होता हे त्यांवरून ठरविता येत नाही. त्यासाठी समकालीन कौटुंबिक छायाचित्रे अधिक उपयोगी पडतात, मात्र ती कृष्णधवल असल्याने लुगड्यांच्या रंगांसाठी पुन्हा धुरंधरांकडेच वळावे लागते.