निवळीची बी

निवळी हे द्वीपकल्पीय भारतातल्या कोरड्या पानझडी जंगलांत वाढणारे झाड. संस्कृतात ते 'कतक', हिंदीत 'निर्मली'. पिकल्यावर काळ्या पडणाऱ्या त्याच्या गोल फळात बहुधा एकच बी असते: चपटी, बटणासारखी, अंगावर रेशमी लव असलेली. झाड कुचल्याच्या कुळातले असले तरी ही बी कुचल्यासारखी विषारी नाही. उलट, गढूळ पाणी पिण्याजोगे करण्यासाठी ती शतकानुशतके वापरात होती.

सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळवण्याची सात साधने दिली आहेत. शेवाळाचे मूळ, कापड, मोती यांच्याबरोबर त्यांत कतकही आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात त्याचा दाखला येतो तो आचरणाचे महत्त्व सांगण्यासाठी: कतकाचे फळ पाणी स्वच्छ करते, पण नुसते त्याचे नाव घेऊन पाणी स्वच्छ होत नाही. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'आत्मबोधा'त ज्ञानाला कतकाच्या पुडीची उपमा आहे. पूड गाळ खाली नेते आणि स्वतःही तळाशी जाते. न समजावता असे दाखले देता येत होते, याचा अर्थ ही रीत ऐकणाऱ्यांच्या ओळखीची होती.

रीत अगदी साधी होती. मातीच्या भांड्याच्या आतल्या बाजूला बी मिनिट-दोन मिनिटे जोराने घासायची, मग त्यात पाणी ओतून ते न हलवता ठेवायचे. काही वेळाने गाळ तळाशी बसे आणि वरचे नितळ पाणी हलकेच ओतून घेता येई. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींचे वर्णन करताना ही रीत नोंदवली. मोहिमेवर निघालेले दूरदर्शी अधिकारी आणि शिपाई या बिया जवळ बाळगत, असेही त्यांनी लिहिले आहे. झाडाच्या शास्त्रीय नावातला 'पोटॅटोरम' हा शब्दही 'पिणाऱ्यांचे' अशा अर्थाचा आहे.

पाण्यातले मातीचे बारीक कण ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. निवळीच्या बीतले लांब साखळ्यांचे रेणू अनेक कणांना एकत्र बांधतात. गुठळ्या जड होऊन खाली बसतात. शेवग्याची बीही पाणी निवळवते, पण तिचे काम थोडे वेगळे चालते. तिच्यातली धनभारित प्रथिने कणांचा ऋणभार नाहीसा करतात, म्हणून कण एकमेकांना चिकटतात. सुदानमध्ये नाईलकाठच्या बायका शेवग्याच्या बियांची पूड कापडाच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात फिरवत. तिथे या झाडाचे नावच 'निवळवणारे झाड' अशा अर्थाचे आहे. सामिया अल अझारिया यान यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रीतीचा शास्त्रीय अभ्यास केला.

भारतात पुढे तुरटी आणि नळाचे पाणी आले, तशी निवळीची बी मागे पडली. मराठीत मात्र चुन्याच्या वरच्या नितळ पाण्याला आजही 'निवळी'च म्हणतात.

या बियांची मर्यादाही स्पष्ट आहे. गाळाबरोबर बरेच जंतू खाली बसतात, सगळे नाही. शिवाय बीचा अंश पाण्यात राहिल्याने ते फार काळ साठवून ठेवता येत नाही. म्हणून असे निवळलेले पाणी उकळून, त्याच दिवशी संपवावे.