बंगीचा काळा कुत्रा

इंग्लंडमधील सफोक परगण्यात ‘ब्लॅक शक’ या भुताळी काळ्या कुत्र्याची दंतकथा प्रसिद्ध आहे. ४ ऑगस्ट १५७७, रविवार. बंगी येथील सेंट मेरी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना भीषण वादळ झाले. घंटाघरात दगावलेल्या जॉन फुलर आणि ॲडम वॉकर यांची नावे चर्चच्या मृत्युनोंदीत आहेत, वादळही आहे. कुत्रा नाही.

तो आला लंडनच्या छापखान्यातून! व्हर्जिलच्या गोपगीतांचा अनुवादक अब्राहम फ्लेमिंग याने त्याच वर्षी काढलेल्या पुस्तिकेत, विजांच्या लखलखाटात काळा कुत्रा चर्चमध्ये शिरला आणि त्याने दोघांच्या माना मुरगळल्या, असे रंगवले. पाप्यांना ईश्वरी कोपाची जरब बसावी, हा हेतू उघड आहे. ‘शक’ हे नाव त्यात नाहीच; ते ‘नोट्स अँड क्वेरीज’ या नियतकालिकात १८५० साली आढळते. काळ्या कुत्र्याची लोककल्पना फ्लेमिंगपूर्वीची असेलही. परंतु बंगीच्या कथेला निखळ मौखिक परंपरा म्हणणे मला भाबडेपणाचे वाटते.

जवळच्या ब्लिथबर्ग चर्चच्या दारावरील करपलेले डाग आजही त्याच्या नखांचे म्हणून दाखवतात. बंगीच्या नगरचिन्हावर तर कुत्राच विराजमान आहे. फुलर आणि वॉकर नोंदवहीत आहेत.