६ जून १९३० : गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना

रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने ६ जून १९३० रोजी पुण्यात गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था सुरू केली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. पुढे राज्यांना केंद्राची योजना-मदत ज्या सूत्राने वाटली जाऊ लागली, ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

पुणे जिल्ह्यात गावोगाव हिंडून अर्थकारण मोजण्याची वाट मात्र त्याआधीच पडली होती. हेरॉल्ड मॅन आणि ना. वि. कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकची पाहणी १९२१ मध्ये प्रसिद्ध केली. जिरायत गाव, बेभरवशाचा पाऊस आणि सावकारी कर्ज. बहुतेक घरांचा संसार शेतीवर भागत नव्हता. भीमेपलीकडच्या दौंडला आज उसाची समृद्धी दिसते. जातेगावच्या पाहणीतले आकडे तिथल्या नव्या पिढीनेही एकदा चाळावेत.

गोखले संस्थेतील कृषी-आर्थिक संशोधन केंद्राला केंद्रीय कृषी मंत्रालय निधी देते. १९७१ मध्ये संस्थेतीलच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा ग्रंथ आला. दारिद्र्यरेषा किती उष्मांकांवर आखावी, हा वाद त्याने देशभर नेला. १९९३ पासून संस्था अभिमत विद्यापीठ आहे.