बावीसची रायफल आणि तिचा धनी

शस्त्रांच्या इतिहासांत आपले संशोधक बहुधा लढाईच्या हत्यारांकडेच पाहतात. केवळ लक्ष्यवेधाच्या छंदासाठीं बाळगलेल्या हत्याराची दखल सहसा कोणी घेत नाहीं. तथापि शस्त्र आणि त्याचा धनी यांचा संबंध कसा होता, तो कसा तुटला व पुन्हां कोणत्या वाटेनें जुळला, हें समजून घेण्यास २२ बोअरच्या लहानशा रायफलीसारखें साधन नाहीं. या विचारांत आमच्या नाशिक जिल्ह्याची साक्ष विशेष उपयोगी पडते, म्हणून हा अल्प प्रयत्न.

प्रथम वस्तूचें स्वरूप सांगितलें पाहिजे. इतर रायफलींच्या काडतुसांत पेट घेणारें द्रव्य बुडाच्या मध्यभागीं बसविलेल्या टोपींत असतें. या काडतुसांत तें बुडाच्या दुमडलेल्या कांठांत भरलेलें असून चाप ओढतांच खिळा त्या कांठावर आदळतो. म्हणून यास ‘रिमफायर’ म्हणतात. पॅरिस येथील फ्लोबेर यानें सन १८४५ मध्यें अशा काडतुसाचा आरंभ केला. अमेरिकेंत स्मिथ व वेसन यांनीं सन १८५७ मध्यें तें रिव्हॉल्व्हरसाठीं आणलें, आणि आज सर्वत्र चालणारें ‘लाँग रायफल’ हें काडतूस सन १८८७ मध्यें निघालें. कांठ चेपला जावा म्हणून कवच पातळ ठेवावें लागतें. त्यामुळें दारूचा जोर बेताचा, आवाज थोडा व खांद्यास बसणारा धक्का नाममात्र. उडालेलें कवच पुन्हां भरतां येत नाहीं. म्हणून या रायफलीचा शौकीन निरनिराळ्या घाण्यांचीं काडतुसें आणून आपल्या नळीस कोणतीं मानवतात हें गोळ्या झाडून पाहतो. नळी व काडतूस यांची पत्रिका जुळविणें हा या छंदाचा अर्धा भाग होय.

उरलेला अर्धा भाग हत्यार अंगाबरोबर बेतण्याचा. गाल टेंकण्याची फळी वर-खालीं करणें, दस्त्याची लांबी खांद्याप्रमाणें ठेवणें, मूठ तळहाताच्या आकाराची करणें, चापाचें वजन बोटास साजेसें राखणें, मागील बारीक छिद्र व पुढील कडें डोळ्याच्या रेषेंत आणणें, अशीं हीं कामें आहेत. स्पर्धेच्या नियमांप्रमाणें नळीचा व्यास ५.६ मिलिमीटर, अंतर ५० मीटर, आणि पुरुषांच्या रायफलीचें वजन ८ किलोपर्यंत. लक्ष्याचें दहा गुणांचें वर्तुळ मात्र अवघें १०.४ मिलिमीटरचें! एवढ्या सूक्ष्म कामांत दस्ता बोटभर चुकला तरी सारा श्रम वायां जातो.

हा प्रकार सर्वस्वीं परका आहे, असें एक मत आहे. उलट शुक्रनीतींत नालिकेचें वर्णन असून तिच्या मूळाशीं व टोंकाशीं नेम धरण्याचे तिलबिंदु सांगितले आहेत, तेव्हां हें सर्व आपलें प्राचीनच, असेंहि कित्येक म्हणतात. आम्हांस दोनहि मतें ग्राह्य वाटत नाहींत. शुक्रनीतींतील तो भाग फार अर्वाचीन आहे, हें अभ्यासकांनीं दाखवून दिलें आहे. त्यावर प्राचीनत्वाची इमारत उभारणें योग्य नव्हे. पण आपल्याकडील तोड्याच्या बंदुका पाहिल्या तर त्यांवर माशी आहे, मागें नेमाची खांच आहे, पीळ देऊन घडविलेली नळी आहे, दस्त्यावर हस्तिदंताचें व पितळेचें काम आहे. हत्यारावर आपली खूण उमटविण्याची हौस येथें होतीच. भेद इतकाच कीं पूर्वीं हत्यार धन्याच्या ऐपतीप्रमाणें सजत असे. आतां तें धन्याच्या शरीराप्रमाणें बेतलें जातें.

या दोन अवस्थांच्या मध्यें मोठा खंड पडला. सत्तावनच्या उठावानंतर निःशस्त्रीकरण झालें, आणि लिटनच्या कारकीर्दींत सन १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. युरोपियनांस त्यांतून सूट, हिंदी माणसास परवाना, हा त्यांतील भेद लोकांस फार झोंबला. बंदूक ही छंदाची वस्तु न राहतां विश्वासाची किंवा संशयाची खूण झाली. त्याचें टोंक नाशकांतच दिसलें. ता. २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यानें कलेक्टर जॅक्सन याजवर पिस्तूल झाडलें. जॅक्सन हा संस्कृताचा व्यासंगी, कान्हेरे विद्यार्थी. आणि तें ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून चोरून आलेलें. उजळ माथ्यानें हत्यार हातीं घेण्याची वाट जेथें बंद असते, तेथें तें चोरवाटेनें येतें, हाच त्या प्रसंगाचा एक अर्थ आहे.

ती वाट उघडण्याचा एक प्रयत्नहि नाशकांतच झाला. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनीं सन १९३७ मध्यें येथें भोंसला मिलिटरी स्कूल काढून तरुणांस उघड सैनिकी शिक्षण देण्यास आरंभ केला. स्वातंत्र्यानंतर सन १९५१ मध्यें राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापति दादासाहेब मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष. पुढें सन १९५९ चा कायदा झाला. त्यांत पिकाच्या राखणीसाठीं शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीस जागा होती, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदास नेमबाजीच्या सरावाकरितां २२ बोअरची रायफल मिळावी अशी स्पष्ट तरतूद होती. सन १९८३ च्या दुरुस्तीनें एका माणसास तीनच हत्यारें ठेवतां येतील असें ठरलें, तेव्हांहि सरावाच्या या रायफलीस त्या मर्यादेंतून वगळलें. सन २०१९ मध्यें ती मर्यादा दोनांवर आली. नळी आखूड करणें किंवा हत्याराचा वर्ग बदलणें मात्र परवान्यावांचून गुन्हाच आहे. म्हणजे कायद्यानें धन्यास लांकूड, मूठ व नेम यांची मोकळीक दिली आणि लोखंड आपल्या नजरेखालीं ठेविलें. आम्हांस हा विवेक योग्य वाटतो.

या वाटेचें फळहि नाशकाशीं जोडलेलें आहे. जॅक्सन प्रकरणास बरोबर शंभर वर्षें झालीं त्या सन २००९ मध्यें राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे हा मुलगा राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनींत आला आणि नाशकांत रायफल शिकला. ता. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकांत ५० मीटर रायफलीच्या तीन पवित्र्यांच्या अंतिम स्पर्धेंत त्यानें ४५१.४ गुणांनीं कांस्यपदक मिळविलें. प्राथमिक फेरींत तो ५९० गुणांनीं सातवा होता. सन १९५२ मध्यें खाशाबा जाधव यांनीं हेलसिंकी येथें पदक घेतल्यापासून महाराष्ट्रास मिळालेलें हें पहिलेंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यापूर्वीं सन २०१० मध्यें कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिक येथें ५० मीटर प्रोन प्रकारांत जगज्जेत्या झाल्या होत्या.

एकाच गांवीं एका विद्यार्थ्याच्या हातीं पिस्तूल चोरून आलें, आणि शंभर वर्षांनीं दुसऱ्याच्या हातीं रायफल शिक्षकानें दिली. दोन्ही हत्यारें लोखंडाचींच. फरक पडला तो राज्यानें प्रजेवर ठेविलेल्या विश्वासाचा, व त्या विश्वासास पात्र होण्याच्या शिस्तीचा. बावीसच्या रायफलीचा इतिहास आमच्या मतें या विश्वासाचाच इतिहास होय.